नाचणीच्या भाकरीतला पाला

आंधळं होण्याची भीती माणूस लपवतो. ताप लपवत नाही, खोकला लपवत नाही, पण दिसेनासं झालं की सहा-सहा महिने घरात कुणाला पत्ता लागू देत नाही. चौकला डोळ्यांच्या दवाखान्यात मी बावीस वर्षं परिचारिका होते. त्यातली निम्मी वर्षं ही लपवाछपवी उकरून काढण्यातच गेली असतील. आमच्याकडची म्हातारी माणसं सकाळी अंगणात उभी राहून हळूच एक डोळा झाकत आणि इर्शाळगडाच्या सुळक्यातलं आरपार भोक दिसतंय का ते बघत. मग दुसरा डोळा झाकत. कुणी विचारलंच तर म्हणत, पाऊस येतोय का बघतोय. हे भर वैशाखात.

दवाखाना एका धर्मादाय संस्थेचा होता. जुन्या मुंबई-पुणे रस्त्याला लागून दोन खोल्या, समोर गॅरेजांची रांग, बाजूला ढाबा. डॉक्टर मुंबईहून फक्त रविवारी यायचे. मोतीबिंदूची ऑपरेशनं आणि अवघड तपासण्या त्या एका दिवसात उरकायच्या. उरलेले सहा दिवस दवाखाना माझ्या जिवावर. थेंब घालणं, पट्ट्या बदलणं, नंबर काढणं आणि डोळ्यात गेलेलं बाहेर काढणं ही माझी कामं. तोंड माझं पहिल्यापासून फाटकं. ‘शिस्टर चावते’ असं पार लोधिवलीपर्यंत सांगितलं जायचं. चावत नव्हते, पण काजळात मध आणि मिरपूड कालवून ते डोळ्यात घालून आलेल्या बाईला काय ओवाळायचं होतं?

ट्रकवाले फार हुशार. लायसनसाठी डोळ्यांचा दाखला लागायचा, म्हणून आधी येऊन गेलेल्याकडून तक्त्यावरच्या ओळी पाठ करून यायचे. एक जण तर मी तक्ता टांगायच्या आतच म्हणायला लागला. मी तक्ता उलटा लावला, तर हा एवढा मोठा मिशीवाला गडी बाकावर बसून रडायला लागला. “बाई, दाखला नाय भेटला तर गाडी सोडावी लागंल.” दाखला डॉक्टर द्यायचे, पण देऊ नका असं त्यांना मीच सांगितलं. ते बरोबरच होतं. तरी पुढे कित्येक वर्षं घाटात ट्रक उलटल्याचं कळलं की मी आधी ड्रायव्हरचं नाव विचारायची. त्याचं नाव कधी आलं नाही. विचारायची सवय मात्र गेली नाही.

कण काढण्यात माझा हात धरणारं त्या पट्ट्यात कुणी नव्हतं, हे मी सांगितलं तर कुणी बढाई समजू नये. गॅरेजात ग्राइंडर चालवताना ठिणगीबरोबर लोखंडाचा बारीक कण उडतो आणि बुबुळावरच्या पारदर्शक पडद्यात रुततो. ग्राइंडर चालवताना चष्मा लावावा, पण लावणाऱ्याला बाकीचे ‘मास्तर’ म्हणून चिडवायचे, म्हणून कुणी लावत नसे. शिवाय प्रत्येक गॅरेजात एक ‘काढणारा’ असायचा. काडेपेटीच्या काडीला कापूस गुंडाळून, नाहीतर रुमालाचं टोक पिळून तो आधी हात साफ करून घेणार. निघालं तर निघालं, नाहीतर खरवडून ठेवून माझ्याकडे धाडणार. मग मी बधिर करणारे थेंब घालून सुईच्या टोकानं कण उचलायची. त्या वेळी समोरच्यापेक्षा माझ्याच छातीत जास्त धडधडायचं, पण हात हलायचा नाही.

ह्या सगळ्याबरोबर एक व्याख्यान ठरलेलं असे: पालेभाजी खा. हल्लीचे डॉक्टर ह्याला अँटिऑक्सिडंट म्हणतात. मला ते वांग्यावरून समजलं. वांगं चिरून ठेवलं की हवा लागून काळं पडतं, लिंबू चोळलं तर बराच वेळ पांढरं राहतं. डोळ्यातलं भिंग असंच ऊन, धूर, विडी आणि वय ह्यांनी हळूहळू गढूळ होतं. पाल्यात, आवळ्यात, पिवळ्या फळांत जे असतं ते लिंबाचं काम करतं, म्हणजे आधी स्वतः खर्ची पडतं आणि डोळ्याला वाचवतं. डोळ्याच्या मागच्या पडद्यावर मधोमध एक पिवळा ठिपका असतो. सुई ओवणं, माणसाचा चेहरा ओळखणं हे सगळं त्याच्यावर. तो पिवळेपणाही म्हणे आपण खाल्लेल्या पाल्यातूनच येतो, शरीराला तो बनवता येत नाही. अजून सगळं सिद्ध झालेलं नाही, असंही डॉक्टर म्हणतात. आणि आलेला मोतीबिंदू तर कुठल्याच भाजीनं जात नाही. हे शेवटचं मी घसा कोरडा करून सांगायची, कारण ‘पाला खा’ म्हटलं की अर्ध्या लोकांना वाटायचं, ऑपरेशन टळलं.

रातांधळेपणाची गोष्ट वेगळी. दिवसा दिसतं, तिन्हीसांजेला दिसेनासं होतं. ते अ जीवनसत्त्व कमी पडल्यानं होतं आणि वेळेत धरलं तर पाल्यानं, दुधानं, माशाच्या तेलानं बरं होतं. वेळ गेली तर बुबुळ कोरडं पडतं, मऊ होतं आणि फुटतं. एका लहान मुलीच्या बाबतीत मी ते पाहिलं आहे. त्यावर अधिक लिहिवत नाही.

चांगुणाबायला तिची सून मंजुळा हाताला धरून घेऊन आली ती एकोणीसशे सत्तरच्या पुढच्या एका श्रावणात. लोधिवलीकडची, भातशेतीवाल्या घरातली बाई. पन्नाशी उलटलेली, अंगानं काटक, नऊवारी गुडघ्यापर्यंत खोचलेली. सून सांगत होती की दिवे लागायच्या वेळेला सासू चुलीजवळून हलतच नाही. दोनदा उंबऱ्याला अडखळून पडली, एकदा म्हशीच्या दाव्यात पाय अडकून तोंडावर आपटली.

“काय नाय गं शिस्टर,” चांगुणाबाय म्हणाली, “वय झालं. जरा अंधारी येते.”

मी बॅटरी मारून बघितलं. डोळे कोरडे ठणठणीत, आणि पांढऱ्या भागावर साबणाच्या फेसासारखा डाग. असा डाग मी उपाशी पोरांच्या डोळ्यांत बघितला होता, खात्यापित्या घरातल्या बाईच्या नाही. 

“जेवता काय?”

“भात.”

“भाताबरोबर?”

“वालाचं बिरडं. नायतर चटणी.”

“दारात टाकळा माजलाय, अळू माजलंय, आणि तुम्ही चटणी खाता?”

मंजुळा खाली बघायला लागली. चांगुणाबाय शांतपणे म्हणाली, “मी पाला सोडलाय.”

“कधीपासून?”

“काशिनाथ तीन वर्साचा व्हता तवापासून.”

“आणि आता काशिनाथ केवढा आहे?”

“त्याला पोर हाय.”

हकिकत अशी होती. काशिनाथ तिचा एकुलता एक मुलगा. लहानपणी त्याला देवी आल्या. तेव्हाच्या रीतीप्रमाणे घरात फोडणी बंद, उशाशी कडुनिंबाचा डहाळा. पोराचा जीव वाचला, पण डावा डोळा पांढरा झाला आणि उजवाही चिकटून उघडेना. तेव्हा ही बाई गावच्या शितळादेवीपुढे जाऊन बसली आणि म्हणाली, एक घेतलास तो घे, दुसरा ठेव, मी हिरवा पाला तोंडात घालणार नाय. टाकळ्याची कोवळी भाजी म्हणजे तिचा जीव की प्राण, म्हणून तीच सोडायची असं ठरवलं. त्याबरोबर अख्खा हिरवा पालाच सोडला. तिसऱ्या दिवशी पोराचा उजवा डोळा उघडला. तो एक डोळा घेऊन काशिनाथ वाढला, लग्न झालं, आणि आता आमच्या दवाखान्यासमोरच्याच गॅरेजात मिस्त्री होता. मी त्याला ओळखत होते. खळखळून हसणारा, हातानं गुणी.

माझे वडील शाळामास्तर आणि मतांनी जहाल. आमच्या घरात नवस हा शब्द उच्चारला तरी टर उडायची. त्यामुळे मी ताडताड बोलले. आमच्या कपाटात तेव्हा शार्कच्या तेलाच्या गोळ्या होत्या, त्यातली एक तिच्या हातावर ठेवली. तिनं ती नाकाशी नेली.

“हे म्हावरं हाय.”

नवरा गेल्यावर तिनं मासळी सोडली होती. पपई म्हटलं तर उष्ण, भोपळा म्हटलं तर वातूळ, घरची म्हैस असून दूध चहापुरतं, बाकीचं विकायला. मी म्हटलं, “चांगुणाबाय, डोळे जातील तुमचे. आंधळ्या व्हाल.”

“झाले तर झाले,” ती म्हणाली. “माजे दोन हायत. काशिनाथला एकच हाय.”

हे ती अगदी हिशेबी माणसासारखी बोलली. मला राग आला, आणि रागाच्या खाली भीती होती. ती फुटलेल्या बुबुळाची मुलगी माझ्या डोळ्यांपुढून हलत नव्हती.

पुढचं जे झालं ती कल्पना माझी. मंजुळाला त्यात दोष नाही. आठवड्यानं ती पोराचे चिकटलेले डोळे दाखवायला एकटीच आली, तेव्हा मी तिला मागच्या खोलीत घेतलं. त्यांच्या परसात शेवगा होता. त्याचा पाला सावलीत वाळवायचा, उन्हात वाळवला तर कस जातो. मग हातानं चुरून, बारीक पूड करून नाचणीच्या पिठात मिसळायची. तांदळाची भाकरी हिरवी दिसेल, नाचणी मुळातच काळपट, तिच्यात खपून जाईल. आणि ती भाकरी फक्त संध्याकाळी वाढायची, चिमणीच्या उजेडात.

मंजुळाचा चेहरा उतरला. “देवीचं हाय ते, शिस्टर.”

“देवीला सांग, शिस्टरनं करायला लावलं.”

हे मी ऐटीत म्हटलं. रविवारी डॉक्टरांना मात्र ह्यातलं अवाक्षर बोलले नाही, ह्यावरून काय ते समजा. म्हातारीला संध्याकाळी दिसत नव्हतं म्हणूनच ही चोरी जमत होती. तिच्या आंधळेपणाचा फायदा घेऊन मी तिचा आंधळेपणा घालवत होते. तेव्हा मला त्यात काही वावगं वाटलं नाही. देखाव्यासाठी मी तिला साधे थेंब दिले होते, ते ती इमानानं घालायची. मंजुळा भाकरीत लसूण-मिरची वाढवायची. सासू म्हणायची, औंदा नाचणी कडू आलीय.

दिवाळी झाली आणि एक दिवस चांगुणाबाय दिवेलागणीला एकटी चालत दवाखान्यात आली. हातात काठी नाही, सून नाही.

“शिस्टर, मला म्हस दिसली गं. गोठ्यात जाऊन हात लावायच्या आधी दिसली.”

डोळ्यावरचा फेसाचा डाग पुसट झाला होता. इतका आनंद मला बावीस वर्षांत मोजक्या वेळा झाला. तिनं दोन्ही हातांनी माझं तोंड कुरवाळलं आणि थेंबांचं कौतुक केलं. मी म्हटलं, हो, थेंब चांगले आहेत. असं खोटं बोलून मी तिला चहा पाजला.

त्यानंतर महिन्याभरानं ती सकाळीच आली. मी दार उघडतच होते. ती आत आली आणि खिडकीशी जाऊन तिनं पदराची गाठ सोडली. आत भाकरीचा चतकोर होता. तिनं तो उजेडात धरला.

“ह्ये हिरवं काय हाय?”

भाकरीत बारीक हिरवे ठिपके होते. काल संध्याकाळी चिमणीच्या उजेडात तिला ते दिसले होते. दिसायला लागलं, म्हणून दिसले. खोटं बोलायचं तर मला सहज बोलता आलं असतं. पण तिची नजर माझ्यावर होती, आणि ती नजर मीच तिला परत दिली होती.

“शेवगा,” मी म्हटलं.

“किती दिस?”

“श्रावणापासून.”

ती बाकावर बसली. ती शिव्या देईल, मंजुळाला घराबाहेर काढीन म्हणेल, असं मला वाटलं होतं. तिनं चतकोर मांडीवर ठेवला. मग म्हणाली, “मी देवीला तोंडानं शबुद दिला व्हता गं.”

मी समजूत घालायला लागले. म्हटलं, चार महिने तुम्ही पाला खाताय, काशिनाथला काय झालं का? ठणठणीत आहे ना? मग?

“मला ठावं नव्हतं तवर माजं पाप नव्हतं,” ती म्हणाली. “आता ठावं झालं.”

जाताना तिनं तो तुकडा परत पदरात बांधला. तो टाकायचा कुठं हेही तिला सुचत नव्हतं. मी दारात उभी राहून तिला रस्ता ओलांडताना बघत होते. समोरच्या गॅरेजात काशिनाथ गाडीखाली पडून काम करत होता. ती त्याच्या बाहेर आलेल्या पायांकडे बघत थोडी थांबली आणि हाक न मारता गेली.

पाचव्या दिवशी, गुरुवारी, काशिनाथ माझ्याकडे आला. उजव्या डोळ्यावर रुमाल बांधलेला, आणि दुसरा गडी त्याचा हात धरून चालवत होता. मी रुमाल सोडेपर्यंत मनात घोकत होते की नुसता कण असेल, नुसता कण असेल.

कण मंगळवारीच गेला होता. गॅरेजातल्या काढणाऱ्यानं काडीनं तो काढलाही होता. पण खरवड झाली, ती चिघळली. बुबुळावर ज्वारीच्या दाण्याएवढी पांढरट जखम, तिच्या कडा मळकट, आणि खालच्या बाजूला पुवाची रेघ. डावा डोळा तर लहानपणापासूनच पांढरा.

“दोन दिवस काय करत होतास रं?” मी ओरडले.

“आयला कळंल म्हनून नाय आलो,” तो म्हणाला. “ती चार-पाच दिस झाले जेवतच नाय धड. सारखी माज्या तोंडाकडं बघती. त्यात ह्ये सांगू कसं?”

माझा हात हलला. थेंब डोळ्यात न पडता त्याच्या गालावर पडला. ग्राइंडरच्या ठिणगीला शेवगा कळत नाही, हे मला ठाऊक होतं. अशा जखमा मी कितीतरी पाहिल्या होत्या, त्यातल्या एकीचाही कुणाच्या जेवणाशी संबंध नव्हता. हे सगळं मी स्वतःला सांगत होते आणि तरी माझी मान दाराकडे वळत होती, ती येतेय का बघायला. रविवारची वाट बघणं शक्य नव्हतं. तोवर बुबुळ फुटलं असतं.

ढाब्यावर मुंबईकडे जाणारा एक ट्रक उभा होता. ड्रायव्हर ओळखीचा. मोठ्या इस्पितळात न्यायचं ठरलं, मी बरोबर जाणार होते. तेवढ्यात कुणीतरी घरी सांगितलं असावं, कारण काशिनाथला केबिनमध्ये चढवत होतो तोच मंजुळा पोराला कडेवर घेऊन धावत आली, आणि तिच्या मागून चांगुणाबाय. ती धावत नव्हती. मंजुळा माझ्याकडे न बघता थेट नवऱ्यापाशी गेली. म्हातारी माझ्यापाशी आली.

“राहील का?”

“माहीत नाही,” मी म्हटलं. खोटं बोलायची ताकद संपली होती.

तिनं माझं मनगट धरलं. “शिस्टर, माजं तोंड आता बाटलं. मी आता जलमभर उपाशी राहिले तरी देवीला त्याचं काय? तुजं तोंड कोरं हाय. तू घातलास, आता तूच सोड.”

मला तिचं म्हणणं लगेच कळलं, तरी मी म्हटलं, “काय सोडू?”

“पाला. जलमभर. त्याच्या डोस्क्यावर हात ठेव आन म्हण.”

ड्रायव्हरनं इंजिन चालू केलं होतं. तो मुद्दाम दुसरीकडे बघत होता. माझे वडील तेव्हा हयात होते, आणि मला एवढंच वाटलं की त्यांना हे कधी कळू नये. मी पायरीवर चढले, काशिनाथच्या तेलकट डोक्यावर हात ठेवला आणि म्हटलं, “ह्याचा डोळा राहू दे. मी पाला खाणार नाही.” म्हातारीची समजूत म्हणून म्हटलं असं मी पुढे स्वतःला पुष्कळदा सांगितलं. ते खरं नाही. मी ते जीव तोडून म्हटलं.

इस्पितळात तासातासाला थेंब, डोळ्यात इंजेक्शनं. मी रजा काढून दोन दिवस राहिले, पुढे जमेल तशी जात राहिले. सकाळी पट्टी सोडली की डॉक्टर त्याच्यापुढे बोटं धरायचे. “किती?” काशिनाथ अंदाजानं काहीतरी सांगायचा. रोज चुकायचा, आणि चुकलं हे त्याला आमच्या गप्प बसण्यावरून कळायचं. चांगुणाबाय खाटेच्या पायथ्याशी बसलेली असायची. मी पाला टाळतेय ना, एवढ्यावरच तिचं लक्ष. पहिल्या दिवशी इस्पितळाच्या जेवणात पालकाची आमटी होती. तिनं माझ्या ताटातली वाटी उचलून खाटेखाली सरकवली.

आठव्या दिवशी डॉक्टरांनी बोटं धरली आणि काशिनाथ म्हणाला, “दोन. आन अंगठी हाय.”

डोळा राहिला. बुबुळावर कडेला एक पांढरा डाग उरला. मधोमध असता तर नजर गेलीच होती, असं डॉक्टर म्हणाले. तो औषधांनी राहिला हे मला पक्कं ठाऊक आहे. त्या औषधांची नावं मला आजही पाठ आहेत. परत आल्यावर मी स्वतः गॅरेजात जाऊन त्याला जाड काचेचा चष्मा दिला आणि बाकीच्यांना दम भरला की ह्याला मास्तर म्हणाल तर गाठ माझ्याशी आहे.

चांगुणाबाय मोकळी झाली. माजा नवस तू घेतलास, म्हणायची. पुढच्या पावसाळ्यात टाकळा उगवला तेव्हा तिनं पंचवीस वर्षांचं उट्टं काढलं. टाकळा, भारंगी, कुरडू, अळूचं फदफदं, काही म्हणून सोडलं नाही. तिची नजर मरेपर्यंत शाबूत राहिली. शेवटच्या वर्षीही गोधडीसाठी सुईत दोरा स्वतःच ओवायची. दवाखान्यावरून गेली की दारात थांबायची आणि हळू आवाजात विचारायची, “खाल्लास नाय ना गं?” मी नाही म्हणायची. मग तिचा जीव भांड्यात पडायचा. एकदा तिच्या घरी जेवायला बोलावलं, तर सगळ्यांच्या पानात मेथी आणि माझ्या पानात तिनं स्वतःच्या हातानं बटाटा वाढला.

नोकरी चालूच होती. रोज दहा-वीस माणसांना मी पाला खा म्हणून सांगायची. कुणी बाई विचारायची, तुमी कंची भाजी खाता शिस्टर? मी म्हणायची, मेथी. त्या खोट्याची मला लाज वाटायची. त्याहून जास्त लाज मंजुळासमोर वाटायची. तिनं सासूला फसवलं ते माझ्या सांगण्यावरून, पण त्या घरात ती भीती घेऊन राहायची पाळी तिच्यावर आली. मला सिस्टर म्हणून मान मिळाला, तिला तोही नाही. कधी भेटली की ती मुलांचं बोलायची, भाकरीचा विषय आम्ही दोघींनी काढला नाही. आज चांगुणाबायसारखी बाई समोर आली तर मी ती चोरी पुन्हा करीन का, ह्याचं उत्तर मला देता येत नाही. तिचे डोळे वाचले. पण तिला विचारायला हवं होतं, आणि विचारलं असतं तर ती नाहीच म्हणाली असती.

मी निवृत्त होऊन वर्ष होऊन गेलं. कर्जतला भाचीकडे राहते. गेल्या उन्हाळ्यात खिडकीचे गज मला मध्येच वाकलेले दिसायला लागले. मी लगेच ओळखलं, आणि इतरांसारखीच चार महिने गप्प बसले. शेवटी डॉक्टरांकडे गेले. त्यांनी थेंब घालून पडदा पाहिला आणि सांगितलं की मधला पिवळा ठिपका विरायला लागलाय. ह्यावर ऑपरेशन नाही, खात्रीचं औषध नाही. आहे ते टिकवायचं. “पालेभाज्या भरपूर खा सिस्टर, तुम्हाला काय सांगायचं,” असं म्हणून ते हसले. मीही हसले. घरी येऊन मात्र दार लावून बसले आणि रडले. मला फार भीती वाटते. बावीस वर्षं दुसऱ्यांची भीती पाहिली म्हणून स्वतःची कमी होत नाही.

चांगुणाबायला जाऊन दोन वर्षं झाली. ‘खाल्लास नाय ना’ विचारायला कुणी उरलं नाही. भाचीनं पालकाची भाजी केली, वाटी पुढे ठेवली. मी ती हातात घेतली आणि ठेवून दिली. असं तीन-चारदा झालं. शेवटी मी काशिनाथलाच निरोप धाडला. आता त्याचं कुंभिवलीला स्वतःचं गॅरेज आहे. मोठा मुलगा हाताखाली आला, त्याच्या पाठीवर दोन मुली. तो मोटारसायकलवर आला, पेढे घेऊन आला. ट्रकच्या पायरीवर मी काय बोलले ते त्याच्या कानांवर पडलेलं होतंच, पण ते मी पाळते हे त्याला माहीत नव्हतं. सगळं सांगून मी विचारलं, “खाऊ का रं?”

तो खळखळून हसला. “तुमी पन काय शिस्टर. एवढ्या शिकल्या-सवरल्या तुमी. खावा की. असलं काय नसतंय. आय अडाणी व्हती.”

मला हलकं वाटलं. चहा झाला, पोरांच्या शाळेचं बोलणं झालं. तो उठला, चपला घातल्या, गाडीला किक मारली. मग गाडी बंद केल्याचा आवाज आला. तो परत येऊन दारात उभा राहिला. चष्मा काढून शर्टाला पुसत होता, माझ्याकडे बघत नव्हता.

“शिस्टर,” तो म्हणाला, “धाकटीचं लगीन होईस्तवर थांबाल का?”

मी थांबते म्हटलं. धाकटी तिसरीत आहे.